लाईनीचा अर्ज

गव्हाणटाकळी,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. रामप्रसाद यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे कान गेल्यापासून तुला फोन करायची सोय राहिली नाही. आणि पस्तीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात केबली जोडून तुला मोबाईलचा इतका राग, की त्यावर आलेलं तू वाचतही नाहीस. म्हणून हा कागद. आमच्या भावजयीला, नंदाला म्हणावं, अक्काचं पत्र तिखट आहे, वाचायला देण्याआधी पाण्याचा तांब्या जवळ ठेव.

तार तुटली. या हंगामात चौथ्यांदा. काल दुपारी उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, आणि ऊस इतका वर रचलेला की खालून ड्रायव्हर मुंगीएवढा दिसत होता. समोरच्या खांबावरून आपल्या गच्चीवर येणारी फायबरची तार त्या उसात अडकली, ती थेट कुंभार पिंपळगावच्या फाट्यापर्यंत लोंबत गेली. मी धावत जाऊन ट्रॅक्टर अडवला, तर तो म्हणतो, "मावशी, तार खाली आल्ती. ऊस कुठं वर गेल्ता?" म्हणजे चूक तारेची!

मग फायबरवाला मिथुन आला. त्याचा इलाज मला आता पाठ झालाय. चिकटपट्टी, सुतळी आणि बांबू. "काकू, बांबू अजून उंच करून देतो, बिलकुल टेन्शन घेऊ नका." गेल्या तीन वेळी त्यानं हेच केलं. दर वेळी बांबू उंच होतो आणि दर वेळी ऊस त्याच्यावर चढतो.

तुला वाटेल, म्हातारीची मालिका बुडाली म्हणून ओरडतेय. मालिका गेली खड्ड्यात. त्या एका तारेत आपला फोन आहे, टीव्ही आहे आणि शीतलची नोकरी आहे. माझी सून सकाळी नऊपासून सहापर्यंत विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन घेते, ते याच खोलीत बसून. मोबाईलची रेंज गच्चीवर टाकीला टेकून उभं राहिलं तरच येते. चौथ्यांदा तार तुटल्यावर तिच्या वरच्या बाईंनी लिहून कळवलंय, की ३१ मार्चच्या आत घरची लाईन पक्की करून दाखवा, नाहीतर संभाजीनगरच्या ऑफिसात येऊन बसा. चार वर्षांची पोर टाकून ती तिथं कशी जाईल? आणि एप्रिलपासून तिला दहा मुलींच्या वर नेमणार होते. शीतल काल जेवली नाही. तिचा नवरा कल्याण नेहमीसारखा "बघू" म्हणून शेतात गेला.

तू खात्यात होतास. बांबू सोडून दुसरं काही जगात आहे का, ते कळव.

तुझी,
अक्का


जालना,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

तांब्या रिकामा झाला. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तळपायाची आग मस्तकात गेली.

अक्का, हवेत लोंबणारी तार ही तार नव्हे, ती कपडे वाळत घालायची दोरी आहे. खात्यात असताना आम्ही जालन्यात फर्लांगच्या फर्लांग केबल जमिनीखालून नेली. वरून रोलर गेले, लग्नाच्या वराती गेल्या, तरी कोणाचा फोन बंद पडला नाही. आता या नव्या पोरांना जमीन खोदायचा कंटाळा! खांब दिसला की टाक तार, झाड दिसलं की बांध. त्या मिथुनला माझ्यासमोर उभा कर, मग सांगतो.

तू जमिनीखालून पाईप टाक आणि त्या पाईपातून तार ओढून घे. कसं करायचं ते नीट वाच. कल्याणला वाचून दाखव आणि "बघू" म्हणू देऊ नकोस.

खांबापासून घरापर्यंत नाली खोदायची. अंगणात दोन फूट खोल, रस्त्याखाली तीन फूट, कारण वरून ऊस जाणार. पाईप जाड काळा घ्यायचा, शेतीच्या दुकानात मिळतो तो. ठिबकची पातळ नळी घेऊ नकोस, ट्रॅक्टरखाली ती पापडासारखी चपटी होते. विजेच्या फिटिंगचा पांढराही नको. एक पाईप लागत असला तरी दोन टाक, एक रिकामा राहू दे. पुढं कधी काही वाढवायचं झालं तर पुन्हा नाली नको. दोन्हीत नायलॉनची दोरी ओवून ठेव, म्हणजे तार बांधून पलीकडून ओढता येते. कोपरे कमीत कमी. आणि दोन्ही तोंडं घट्ट बांध, उंदीर जातात.

रस्ता गावचा आहे, तेव्हा ग्रामपंचायतीची परवानगी लागेल. अर्ज मीच लिहून देतो, तू फक्त उतरवून घे:

"मा. ग्रामसेवक यांस. विनंती अर्ज करण्यात येतो की, माझ्या घरी रस्त्याखालून लाईन टाकणे आहे. त्याकामी पाईप गाडण्यास परवानगी मिळावी."

याच्यात एकही शब्द वाढवू नकोस. कचेरीत शब्द जास्त गेला की त्याला फाटे फुटतात. हे मी आयुष्यभर पाहिलंय.

तुझा,
रामप्रसाद


गव्हाणटाकळी,
४ मार्च २०२५

चि. रामप्रसाद यास,
आशीर्वाद.

परवानगी मिळाली, आणि तीही एका दिवसात. मला तर भीतीच वाटली. ग्रामसेवकानं अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "काकू, तुमच्याकडं बोअर असून बी?" मी म्हटलं, बोअरचा काय संबंध? बोअर अंगणात मागं आहे, नाली पुढून जातेय, धक्का लागणार नाही. तो गालात हसला आणि शिक्का मारला. खाली लिहिलं, "लाईन टाकण्यास परवानगी देण्यात येत आहे." वर मलाच सांगतो, "जल्दी उरका. उन्हाळा तोंडावर हाये." माणूस कामाचा निघाला.

काळा पाईप आला. निळी रेघ असलेला, दोन वेटोळी. कल्याणनं अंगणातली नाली दोन दिवसांत खोदली. रस्ता तेवढा राहिलाय, उसाच्या गाड्या थोड्या कमी झाल्या की तोही खोदतो.

पण इथं एक वेगळाच ताप सुरू झालाय. गल्लीतल्या बाया माझ्याशी धड बोलत नाहीत. येता-जाता नालीपाशी थांबतात, पाईपाकडं बघतात, एकमेकींकडं बघतात आणि पदर सावरून निघून जातात. समोरची द्वारकाबाई, तुला माहीत आहे, आमचं किती आहे ते. काल आली, नालीच्या काठावर उभी राहिली. मी म्हटलं, ये, चहा ठेवते. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आम्हाला पुरवून पुरवून प्यायची सवय हाये." आणि गेली! मी चहाचं पातेलं हातात धरून उभी.

मला कळत नाही असं नाही. सून घरात बसून पगार आणते, हे यांच्या डोळ्यांत खुपतंय. टँकर बारा दिवसांनी एकदा येतो, त्याच्या रांगेत दिवसभर उभं राहून त्यांची डोकी तापलेली असतात, हे मान्य. पण त्याचा राग माझ्या तारेवर काढायचा? मी यांचं काय घेतलंय?

तुझी,
अक्का


जालना,
८ मार्च २०२५

ती. अक्कास नमस्कार.

जळतात, दुसरं काय? आमच्या गल्लीत पहिला टेलिफोन माझ्या घरी आला तेव्हाही असंच झालं होतं. महिनाभर कोणी बोलेना, नंतर प्रत्येकाला माझ्याच घरून फोन करायचे.

तू लक्ष देऊ नकोस. पाईप उघडा ठेवू नकोस, पोतं टाकून झाक, नाहीतर कोणीतरी रागानं भोक पाडेल. आणि कोणी विचारलं तर सरळ सांग, लाईन आमची, खर्च आमचा, तुमचं काय जातं? असं खणखणीत सांगितलं की माणसं गप्प बसतात.

आजची तारीख बघ. तेवीस दिवस राहिलेत. रस्ता खोदून मोकळी हो.

रामप्रसाद


गव्हाणटाकळी,
१६ मार्च २०२५

रामप्रसाद,

आशीर्वाद पुढच्या पत्रात देईन. आज तुला देण्यासारखं माझ्याकडं दुसरंच काही आहे.

मी तुझं ऐकून पाईपावर पोती टाकली. तुझं ऐकून द्वारकाबाईला खणखणीत सांगितलं, "लाईन आमची, खर्च आमचा, तुमचं काय जातं?" ते धुळवडीच्या दिवशी. या वर्षी गल्लीत धुळवडीला कोणी थेंबभर पाणीसुद्धा उडवलं नाही. आणि त्या दिवशी मी दारात उभी राहून हे बोलले! द्वारकाबाईचा चेहरा असा झाला, जशी मी तिच्या तोंडात मारली.

काल सकाळी वीस-पंचवीस बाया रिकामे हंडे घेऊन अंगणात आल्या. पायांनी माती लोटून माझी नाली बुजवायला लागल्या. मी बाहेर आले तर एकच गलका, "पाणी चोरून राह्यल्या! घरात बोअर हाये, तरी गावच्या टाकीतून लाईन टाकून राह्यल्या! एक न्हाई, दोन-दोन पाईप! वरून पोती टाकून झाकते!" मी "पाणी? कसलं पाणी?" म्हणतेय, ते कोणाला ऐकूच येत नव्हतं.

आता कळलं, शहाण्या? तुझ्या अर्जात "लाईन" आहे. कशाची लाईन, ते नाही! तुझ्यासाठी जगात एकच लाईन असेल, टेलिफोनची. गव्हाणटाकळीत मार्च महिन्यात लाईन म्हणजे पाण्याची लाईन, आणि निळ्या रेघेचा काळा पाईप म्हणजे पाण्याचा पाईप, कारण तो पाण्याचाच पाईप आहे! तो ग्रामसेवक गालात का हसला, तेही आता कळलं. त्याला वाटलं, बाई गुपचूप नळ घेतेय. चोर समजूनच त्यानं शिक्का मारला, आणि मी घरी येऊन त्याला कामाचा माणूस म्हटलं! एक शब्द वाढवू नकोस म्हणे. एक "टेलिफोनची" लिहिलं असतंस तर तुझी शाई संपली असती का?

शेवटी मी पोती ओढून फेकली. पाईपाच्या तोंडाचं बांधलेलं सोडलं आणि म्हटलं, या, बघा, किती पाणी आहे. आत नायलॉनची दोरी. म्हटलं, ओढा. दोघी-तिघींनी ओढली. दोरी येतेय, येतेय, येतेय, पन्नास फूट कोरडी दोरी अंगणात आली आणि खाली ढीग पडला. मागं कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसायला लागल्या. मी सांगितलं, तार जायची आहे, फोनची, शीतलच्या कामाची.

मला वाटलं मिटलं. पण द्वारकाबाई हसली नाही. ती दोरीचं टोक हातात धरून म्हणाली, "म्हंजे फोनाला जमिनीतून पाईप भेटतो. एका दिवसात भेटतो, शिक्का मारून. आमच्या गल्लीचे पाण्याचे पाईप दोन साल झाले पंचायतीच्या मागं पडून हायेत, त्याच्यावर शेळ्या झोपतात. त्याला नाली खोदायला शिक्का न्हाई. आता हा रस्ता खोदायचा तर दोन्ही पाईप जातील. न्हाईतर मंग एक बी न्हाई." आणि बाया हंडे उपडे टाकून रस्त्यावर बसल्या, बरोबर जिथून नाली जायची तिथंच.

ग्रामसेवक घाबरून संध्याकाळी घरी आला होता. म्हणतो, काकू, परवानगी तुमच्याकडं आहे, पोलीस बोलावून देतो, दोन तासांत काम उरका. पंधरा दिवस राहिलेत. काय करू ते लिही. या वेळी नीट विचार करून लिही.

अक्का


जालना,
१९ मार्च २०२५

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

शब्द माझा चुकला. हे मी एकदाच लिहितोय, पुन्हा लिहिणार नाही. पस्तीस वर्षांत "लाईन" म्हटल्यावर मला कोणी "कसली?" असं विचारलं नव्हतं. नंदा वाचून हसत सुटली, अजून हसतेय. मला ऐकू येत नाही, पण दिसतं.

आता कामाचं. पोलीस बोलाव. यात विचार काय करायचा? तुझ्याकडं शिक्क्याचा कागद आहे, पाईप तुझ्या पैशाचा आहे, चोरी तू केलेली नाही. त्यांचं पाण्याचं गाऱ्हाणं खरं आहे, मान्य. पण ते पंचायतीकडं मांडायचं की तुझ्या सुनेच्या पोटावर बसायचं? दोन वर्षं या बाया पंचायतीच्या दारात का बसल्या नाहीत? तू बाईमाणूस, नरम सापडलीस, म्हणून तुझ्या दारात बसल्या. आणि दोन्ही पाईप एका नालीत म्हणजे काय गंमत आहे का? उद्या पाण्याचा पाईप फुटला की पहिलं पाणी तुझ्या तारेच्या पाईपात. मी हे कधीही होऊ दिलं नसतं.

शीतलचा विचार कर. ती परकी पोर तुझ्या भरवशावर त्या खोलीत बसलीय.

रामप्रसाद


गव्हाणटाकळी,
२६ मार्च २०२५

चि. रामप्रसाद यास आशीर्वाद.

पोलीस बोलावले नाहीत. रागावू नकोस, आणि रागावलास तरी आधी पूर्ण वाच.

तुझं पत्र घेऊन मी निघालेच होते ग्रामसेवकाकडं. रस्त्यात बसलेल्या बायांमधून वाट काढावी लागते. द्वारकाबाईपाशी थांबले आणि बोलले, मनातलं सगळं बोलले. चौदा वर्षं माझ्या बोअरचं पाणी नेलंस, मी कधी नाही म्हटलं का? माझ्या घरी बसून चहा प्यालीस, आणि माझ्याच सुनेचं वाटोळं करायला बसलीस?

ती शांतपणे म्हणाली, "अक्का, चौदा वर्षं मी तुमच्याकडं चहाला न्हाई येत. पाण्याला येते. चहा तर घ्यावा लागतो."

मी खरंच कोणाला नाही म्हटलं नव्हतं रे. पण मागच्या दारानं यायचं, आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची, मालिकेचं ऐकायचं, चहा प्यायचा, आणि जाता जाता "दोन हंडे भरू का?" असं विचारायचं, हे तिनं चौदा वर्षं केलं आणि मी त्याला मैत्री समजत बसले. मला तिचा राग आला. मग माझा आला. मग तो दोन वर्षं पाईपावर शेळ्या झोपवणाऱ्यांचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तिथंच त्यांच्यात बसले. तासाभरात ग्रामसेवक आणि सरपंच दोघं आले, की ही बाई इथं कशी? मी परवानगीचा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला, "लाईन टाकण्यास परवानगी देण्यात येत आहे." म्हटलं, ग्रामसेवक साहेब, कोणती लाईन, ते यात लिहिलंय का? तो म्हणाला, न्हाई. म्हटलं, मग दोन्ही. शिक्का तुमचा, सही तुमची, उद्यापासून खोदतो, पंचायतीमागचे पाईप आम्ही उचलून आणतो. नको असेल तर सांगा, की पाण्याची चोरटी लाईन समजून तुम्ही हा शिक्का मारला होता. सगळ्यांसमोर सांगा.

त्याचं तोंड बघायला तू हवा होतास. सरपंचानं तिथंच "पाईप उचलण्यास हरकत नाही" असं लिहून दिलं. म्हणजे तुझा अर्ज अगदीच वाया गेला नाही.

पण घरात शीतल माझ्याशी बोलत नाही. तिनं एवढंच विचारलं, "पोलीस येऊन दोन तासांत झालं असतं ना, आत्या?" मी हो म्हटलं. "मंग तुम्हाला गल्लीची पडली, माझी न्हाई." तिचं बरोबर आहे आणि द्वारकाबाईचंही बरोबर आहे. मला दोन्हीकडून लाज वाटते. पाण्याची नाली टाकीपर्यंत लांब आहे, ३१ तारखेच्या आत होईल असं वाटत नाही.

आता सांग, पाण्याचा पाईप कुठं आणि माझे कुठं? इथं कोणाला काही कळत नाही, आणि सगळ्याच फावडी घेऊन तयार आहेत.

तुझी,
अक्का


जालना,
२९ मार्च २०२५

अक्का,

तू वेडी आहेस. हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय.

पाण्याचा पाईप तळाला. त्याच्यावर फूटभर माती, धुम्मसानं चोपून. तुझे दोन पाईप त्याच्या वर आणि एका अंगाला, थेट डोक्यावर नाहीत. मी पोचेपर्यंत कोणी एक खडा आत टाकायचा नाही. उद्या पाडव्याला सकाळची पहिली एसटी धरतोय. नंदा म्हणते, सणाचं घर सोडून कुठं चाललात? मी म्हटलं, माझ्या शब्दानं झालेला खड्डा आहे, मीच बुजवून येतो.

त्या मिथुनला बोलावून ठेव. आणि बायांना सांग, मला ऐकू येत नाही, ओरडून काही उपयोग नाही. मी सांगेन तेच होईल.

रामप्रसाद


गव्हाणटाकळी,
२४ एप्रिल २०२५

चि. रामप्रसाद यास अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास हे नंदाच्या चार ओळींवरून कळलं. कंबर अजून धरलेली आहे, असं तिनं लिहिलंय. धरणारच. साठीला आलेला माणूस चार दिवस नालीत उभा राहून बायांवर ओरडत होता. तुला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून सांगते, तो फाट्यापर्यंत जात होता. एका बाईनं पाईप वाकडा ठेवला तर तू तो तीनदा काढायला लावलास. अजून त्या तुझी नक्कल करतात, पण नाली बघायला पाहुणे आले की, "अक्काच्या भावानं केली," असं तोऱ्यात सांगतात.

तू असताना मी तुला सांगितलं नव्हतं, कारण तू फावडं टाकून संभाजीनगरला भांडायला गेला असतास. शीतलची लाईन ३ तारखेला सुरू झाली. मुदतीनंतर तीन दिवसांनी. नोकरी राहिली. पण ती दहा मुलींवरची जागा दुसरीला दिली. तिच्या वरच्या बाई म्हणाल्या, मुदत म्हणजे मुदत. मुदत म्हणजे मुदत! ऊस तार तोडतो तेव्हा कोणी उसाला मुदत देत नाही. पोरीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. मी तिचं नुकसान केलंय, रामप्रसाद. कोणाच्या भल्यासाठी केलं, हे सांगून ते भरून निघत नाही.

आता दुसरं ऐक. तारेच्या पाईपातून फोन येतो, टीव्ही येतो, शीतलची गिऱ्हाइकं येतात. परवाच उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या वरून गेल्या, काही झालं नाही. आणि खाली फूटभरावर तू चोपून बसवलेल्या पाण्याच्या पाईपात आजपर्यंत एक थेंब आलेला नाही. नाली झाली, पाईप झाला, टाकीत पाणी आहे. फक्त टाकीला जोड द्यायला वरच्या कचेरीतल्या साहेबाची सही हवी. साहेब मीटिंगला आहेत. साहेब दौऱ्यावर आहेत. ग्रामसेवक म्हणतो, माझ्या हातात काही नाही. शिक्का मारायचा होता तेव्हा होतं की!

मागच्या सोमवारी द्वारकाबाई पुढच्या दारानं आली. गुडघ्यांची चौकशी नाही, चहा नाही. सरळ शीतलच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "बाई, तुझा फोन लागतो का त्या साहेबाला?" शीतलनं खुर्ची तिच्याकडं वळवली. एवढं सगळं गमावलेली पोर, नाही म्हणाली असती तर मी तिलाच बरोबर म्हटलं असतं. पण ती म्हणाली, "बसा. मी दिवसभर चिडलेल्या लोकांचे फोन घेते. समोरच्यानं काय केलं की आम्हाला फोन ठेवता येत न्हाई, ते मला बराबर माहीत हाये."

तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला गल्लीतल्या बाया येतात. शीतलचं काम नऊला सुरू होतं, त्याच्या आधीचा अर्धा तास तिनं त्यांना दिलाय. तिनं शिकवलंय, पहिले समोरच्याचं नाव विचारायचं. मग आपलं नाव सांगायचं, पूर्ण, वडिलांचं नाही, नवऱ्याचं नाही, आधी आपलं. मग तक्रारीचा नंबर मागायचा आणि दिल्याशिवाय हलायचं नाही. शिवी द्यायची नाही, रडायचं नाही, आणि आपण होऊन फोन ठेवायचा नाही. एकीचं झालं की रिसीव्हर दुसरीकडं. साहेबाच्या कचेरीतला कारकून पहिल्या दिवशी हसला. दुसऱ्या दिवशी खेकसला. काल म्हणाला, "बाई, कालचीच तक्रार हाये ना, एकदा सांगितली ना?" तर द्वारकाबाई म्हणाली, "ती तिची होती. ही माझी हाये. लिवा."

आज सतरा जणी आल्यात. कोणी खुर्चीत, कोणी उंबऱ्यावर, बाकीच्या ओसरीत ओळीनं उभ्या. मीही उभी आहे. शीतल म्हणाली, "आत्या, तुमच्याकडं बोअर हाये, तुम्ही कशाला?" मी म्हटलं, माझंही नाव लिहू दे त्याला. भिंतीला कागद टेकवून हे लिहितेय, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय.

इथंच थांबते, रामप्रसाद. शीतलनं रिसीव्हर माझ्याकडं केलाय.

तुझी,
दैवशाला